‘तोट्याची सहल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. पुण्याच्या एका छोट्या इंडी-पॉप बँडबरोबर (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची पॉप गाणी करणाऱ्या पोरांबरोबर) मी बंगळुरू, चेन्नई आणि हैदराबाद असा जो दौरा केला, त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिली, त्याबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा मथितार्थ असा : हॉटेलात झोपून चाळीस मिनिटे इंग्रजी गाणी म्हणायची आणि पाच हजार रुपये बुडाले म्हणून रडगाणे गायचे, याला दौरा म्हणत नाहीत, सहल म्हणतात; रस्त्यावरचे जगणे पाहायचे असेल तर ट्रकमध्ये झोपणारे तमाशा कलावंत पाहावेत; आणि एवढा तोटाच होत असेल तर गाणी इंटरनेटवर टाकून घरी बसावे. शेवटी आपण विचारले आहे की, ‘तुमच्या ड्रमवाल्याला ढोलकी तरी येते का?’

कष्टांच्या तुलनेत मी आपल्याशी वाद घालणार नाही. शंभरावर माणसांचा फड, कनातीपासून जनरेटरपर्यंतचा पसारा आणि दसऱ्यानंतर वैशाखापर्यंत रोज नवे गाव, यापुढे आमच्या पाच दिवसांची काय कथा! मूळ लेखात मी ‘हलाखी’ हा शब्द एकदा वापरला होता. तो चुकीचा होता आणि आज मी तो काढून टाकला आहे. मात्र लेखाचा विषय कष्ट हा नव्हताच, हिशेब हा होता. मी बँडमध्ये काही वाजवत नाही. गाडी चालवतो, केबल गुंडाळतो आणि खर्चाची वही सांभाळतो. त्यामुळे माझ्या लेखात गाण्यापेक्षा डिझेल जास्त आले, हा आक्षेप आपण घेतला असता तर तो मी मुकाट्याने मान्य केला असता.

वहीतले आकडे पुन्हा देतो, कारण ‘पाच हजार’ हा आकडा तेवढा आपण उचलला आणि तो कसा आला ते सोडून दिले. पुण्याहून बंगळुरू सुमारे ८४० किलोमीटर, तिथून चेन्नई ३५०, चेन्नईहून हैदराबाद सव्वासहाशेच्या पुढे आणि परत पुणे साडेपाचशेच्या वर. म्हणजे तीन कार्यक्रमांसाठी जवळपास २,४०० किलोमीटर. बंगळुरूला ठरलेले मानधन २०,००० रुपये होते, चेन्नईला १५,०००, आणि हैदराबादला मानधन नव्हते, तर तिकीटविक्रीतला ७० टक्के वाटा होता. तिथे तीनशे रुपयांची ४३ तिकिटे खपली आणि आमच्या हाती ९,०३० रुपये आले. डिझेल, टोल, खोल्या, पाच जणांचे जेवण आणि दोन ठिकाणी भाड्याने घेतलेला ड्रमसेट यांवर ५१,००० गेले. टी-शर्ट विकून २,२०० सुटले. तोटा ४,७७० रुपये, आणि त्यात कोणाचाही मेहनताना धरलेला नाही.

आता हा तोटा कशामुळे झाला? लोक आले नाहीत म्हणून नव्हे. बंगळुरूला उभे राहायला जागा नव्हती. ज्या ठिकाणी असे बँड वाजवतात ती जवळजवळ सगळी बार किंवा रेस्टॉरंट असतात आणि त्यांचा गल्ला गाण्यावर नाही, दारूवर भरतो. म्हणून कार्यक्रम मिळतो तो गुरुवार ते रविवार. सोमवार ते बुधवार त्या मंचावर क्विझ होते किंवा क्रिकेटचा सामना दाखवतात. ‘ड्राय डे’ आला की गाणेही रद्द. अनेक ठिकाणी २१ वर्षांखालच्या मुलामुलींना दारातूनच परत पाठवतात, आणि इंडी-पॉप ऐकणारा निम्मा वर्ग नेमका त्याच वयाचा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधने, म्हणून बंदिस्त सभागृह नसेल तर कार्यक्रम आठच्या आत सुरू करावा लागतो, आणि शहरातला नोकरदार माणूस आठला अजून वाहतुकीत अडकलेला असतो. आठवड्याचे चार दिवस आणि दोन शहरांमध्ये पाच-सहाशे किलोमीटर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की सलग दौरा आखताच येत नाही. आमचा शनिवार, म्हणजे आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस, चेन्नई ते हैदराबाद रस्त्यावर गेला. शिवाय जी थोडी हक्काची ठिकाणे होती तीही टिकली नाहीत. मुंबईचे ‘ब्लू फ्रॉग’ २०१६ मध्ये बंद झाले, बंगळुरूचे ‘हमिंग ट्री’ २०१९ मध्ये.

आपण सुचवाल की रेल्वेने जा. गेलो आहोत. उद्यान एक्स्प्रेसने पुण्याहून बंगळुरूला वीस तासांच्या आसपास लागतात आणि थ्री-टायरमध्ये माणशी ४० किलो सामान नेता येते, त्यामुळे वजनाची अडचण नसते. अडचण असते ती खालच्या बर्थखाली कीबोर्डची चार फुटी पेटी सरकवण्याची, आणि रात्री दीड वाजता ‘यात मयत आहे की काय’ असे विचारणाऱ्या सहप्रवाशाला उत्तर देण्याची. विमानात माणशी १५ किलो. ड्रमवाल्याची झांजांची पिशवी, स्नेअर नावाचा छोटा ड्रम आणि पायाने वाजवायच्या ड्रमचे पेडल एवढ्यातच ते संपतात, कपडे खांद्यावरच्या पिशवीत.

‘घरी बसा’ या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा खरा मतभेद तिथे आहे. या दौऱ्यात एक नवे गाणे होते, तीन कडव्यांचे. तालमीत ते सगळ्यांना आवडत होते. बंगळुरूला तिसरे कडवे सुरू झाले आणि पुढच्या रांगेतल्या चार जणांनी एकाच वेळी मान वळवून वेटरला हाक मारली. मी साउंडच्या टेबलावरून ते पाहिले, गायिकेने मंचावरून पाहिले. चेन्नईला ध्वनिचाचणीच्या वेळी कीबोर्डमधून सारखी घरघर येत होती. अर्थिंगचा दोष होता आणि डीआय बॉक्सवरची (वाद्य आणि साउंडचे टेबल जोडणाऱ्या डबीवरची) अर्थिंग तोडणारी ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ दाबल्यावर ती थांबली, पण ते सापडेपर्यंत पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात बाकीच्या तिघांनी जिन्यात बसून ते कडवे अर्धे केले. हैदराबादला ते गाणे दोन कडव्यांचे झाले होते, आणि ४३ माणसांपैकी कोणीही वेटरला हाक मारली नाही. इंटरनेटवर गाणे टाकले की किती जणांनी ऐकले ते कळते, पण माणसाची मान कोणत्या शब्दावर वळली ते तिथे दिसत नाही. शिवाय तिथे एका ऐकण्यामागे जे मिळते ते रुपयांत नव्हे, पैशांत मोजायचे. संगीत नाटक मंडळ्या गावोगाव फिरत तेव्हा पदे वाढत आणि गळत ती अशीच, समोरच्या प्रेक्षकांना पाहून.

तोट्यात चालते ती हौस, असे आपण म्हणता. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा केवढा डोंगर झाला होता, हे आपल्यासारख्या जुन्या रसिकाला मी सांगायला नको. बालगंधर्वांना हौशी कलाकार म्हणायला आपण धजावणार नाही आणि मीही नाही. आमची पोरे बालगंधर्व नाहीत, एवढे कबूल. पण नफा हा व्यवसायाचा पुरावा मानायचा, तर तो सर्वांना सारखाच लावावा लागेल.

इंग्रजी गाण्यांविषयी फार लिहीत नाही. पुण्याचा ‘ईझी वाँडरलिंग्स’ किंवा कोलकात्याचे ‘पारेख अँड सिंग’ इंग्रजीत गातात, कारण ती माणसे ज्या गाण्यांवर वाढली ती त्या भाषेत होती. आमच्या बँडची दोन गाणी मराठी आहेत. आणि नाट्यसंगीताच्या साथीला जो ऑर्गन होता, तोही काही देहू-आळंदीत घडलेला नव्हता.

आता आपल्या प्रतिक्रियेतल्या ज्या भागाने मला विचारात पाडले, त्याविषयी. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते आणि जागच्या जागी इसारा, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो, हे आपण लहानपणी पाहिल्याचे लिहिले आहे. आम्हाला आजवर एकाही ठिकाणी इसारा मिळालेला नाही. ईमेलवर ‘कन्फर्म्ड’ एवढा शब्द येतो, कार्यक्रमानंतर आम्ही बिल पाठवतो, आणि पैसे ४५ दिवसांनी येतात, कधी त्याहून उशिरा. एका ठिकाणी तर मॅनेजर बदलला आणि नव्या मॅनेजरने आमचा कार्यक्रम झालाच कशावरून, असे विचारले. आम्ही त्याला व्हिडिओ पाठवला. म्हणजे २,४०० किलोमीटरचे डिझेल आधी आमच्या खिशातून जाते. इसारा हाती असता तर निदान उसनवारी टळली असती, आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द करणाऱ्याने दोनदा विचार केला असता. आपण फडाचे उदाहरण आम्हाला खाली दाखवण्यासाठी दिलेत. मला त्यात आमच्यापेक्षा शहाणा व्यवहार दिसला. पुढच्या दौऱ्यासाठी मी ३० टक्के आगाऊ रकमेची अट पत्रात घातली आहे. दोन ठिकाणांनी नकार दिला, एकाने होकार कळवला आहे.

राहता राहिला ढोलकीचा प्रश्न. ड्रमवाल्याला विचारले. येत नाही म्हणाला, आणि जरा ओशाळला. यंदा राहुट्या लागतील तेव्हा आम्ही दोघे नारायणगावला येणार आहोत : त्याला ढोलकीवाले जवळून ऐकायचे आहेत आणि मला इसाऱ्याची पावती कशी लिहितात ते पाहायचे आहे. आपण त्या दिवसांत गावी असाल तर कळवावे, चहा आमच्याकडून. तो खर्च वहीत धरणार नाही.

आपला,
वहीवाला