उभी गाडी रोज पाच टक्के खात नाही

‘इलेक्ट्रिक गाडी नुसती उभी असली तरी रोज पाच टक्के बॅटरी खाते. वीस दिवसांत शून्य. गावाला जाताना शंभर टक्के भरा आणि चार्जर लावूनच जा. चार्जिंगचा हिशेब सोपा आहे, बॅटरीला चार्जरने भागा. त्याहून जास्त वेळ लागला तर बॅटरी गेली समजा.’

हा मेसेज सध्या इंदूरच्या मराठी घरांमधून फिरतोय. लोकमान्यनगरचे माझे मामा नातीच्या बारशाला पुण्याला गेले होते. तिथे त्यांनी तो वाचला आणि मामींना लेकीकडे ठेवून चौथ्याच दिवशी एकटे परतले. निघताना गाडीत ६४ टक्के होते, आल्यावर ६३. नातीजवळ महिनाभर राहायचं ठरवून गेलेला माणूस एका टक्क्यासाठी परत आला. मला या मेसेजचा राग आहे तो एवढ्यासाठी.

आधी ते रोजचे पाच टक्के. टक्क्यांनी अंदाज येत नाही, युनिटांनी येतो. युनिट म्हणजे लाइट बिलावरचं तेच युनिट. मामांच्या गाडीची बॅटरी सुमारे ३० युनिटांची आहे. पाच टक्के म्हणजे दीड युनिट. चोवीस तासांत दीड युनिट जळायला सतत ६० वॅटच्या वर खर्च व्हायला हवा, जवळपास जुन्या पद्धतीचा छताचा पंखा रात्रंदिवस फिरवल्याइतका. कुलूप लावून ठेवलेल्या गाडीत एवढं काय चालू असतं? लिथियमचे सेल आपल्या आप उतरतात ते महिन्याला साधारण एक ते तीन टक्के. त्यावर थोडा खर्च जागं राहणाऱ्या भागांचा: किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर, अलार्म, मोबाइल ॲपशी बोलणारं सिम.

मात्र हे भाग जागे ठेवणारे बरेचदा आपणच असतो. दर वेळी ॲप उघडलं की झोपलेली गाडी उठते, आकडा सांगते आणि पुन्हा झोपायला वेळ घेते. मामा पुण्याहून दिवसातून वीसदा ॲप बघत होते. टेस्लाच्या सेंट्री मोडसारखी सोय चालू ठेवली, म्हणजे कॅमेरे आणि त्यांचा संगणक सतत पहाऱ्यावर, तर मात्र रोज काही टक्के खरंच जाऊ शकतात. अशा गाडीपुरतं मेसेजमधलं वाक्य खोटं म्हणणार नाही. पण तो पहारा बंद करता येतो, हे मेसेजमध्ये नाही.

आणखी एक. सकाळी आकडा तीन-चारने कमी दिसला म्हणजे तेवढी वीज गेलीच असं नसतं. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे ती किती भरली आहे हे गाडीला आत-बाहेर गेलेल्या विजेच्या जमाखर्चावरूनच ठरवावं लागतं. त्या हिशेबात चूक साठत जाते. ती दुरुस्त झाली की आकडा उडी मारतो. म्हणून कंपन्या अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरायला सांगतात.

‘शंभर टक्के भरून जा’ याचा धोका मला सगळ्यात जास्त वाटतो. बॅटरीला म्हातारपण लवकर आणणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था, आणि इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. उन्हातल्या पार्किंगमध्ये महिनाभर काठोकाठ भरलेली गाडी ठेवणं म्हणजे दोन्ही एकत्र आणणं. पन्नास-साठ टक्क्यांवर, सावलीत ठेवा. पूर्ण भरायची तर प्रवासाला निघायच्या सकाळी भरा. चार्जर लावून ठेवायचाच असेल तर ऐंशीची मर्यादा घालता येते का बघा. आणि जुन्या वाड्याच्या वायरिंगवर १५ अँपिअरचा प्लग महिनाभर कुणी बघायला नसताना सोडून जाऊ नका.

मेसेजने जिचं नावही घेतलेलं नाही ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. सेंट्रल लॉक, स्क्रीन, दिवे तिच्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीचा रस्ता उघडणारे मोठे रिलेसुद्धा. ती उतरली की मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असूनही गाडी ढिम्म. आमच्या सोसायटीत हेच झालं. एकांनी डॅशकॅम थेट छोट्या बॅटरीला जोडला आणि तीन आठवडे बाहेरगावी गेले. डॅशकॅमचे चार वॅट म्हणजे दिवसाला सुमारे ९६ वॅट-तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत असतात जेमतेम ४२०. त्यांच्या गाडीत मोठी बॅटरी छोटीला आपोआप भरत नव्हती, त्यामुळे पाचव्या दिवसापर्यंत खेळ खलास. गाडी उचलायला आलेल्याने ‘मोठी बॅटरी गेली’ असं छातीठोक सांगितलं. शेवटी नवी छोटी बॅटरी बसवली आणि गाडी चालू झाली.

आता भागाकार. तीसची बॅटरी, भिंतीवर ७.२ किलोवॅटचा, म्हणजे तासाला ७.२ युनिट देणारा खोका, म्हणून चार तास, असा मेसेजचा हिशेब. भिंतीवरचा तो खोका चार्जर नसतोच. तो फक्त वीज गाडीपर्यंत सुरक्षित पोचवतो. घरातल्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. तो ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर काहीही टांगा, गाडी ३.३ च घेणार.

मामांबरोबर कागदावर मांडलेला हिशेब असा. वीस टक्क्यांपासून नव्वदपर्यंत जायचं, म्हणजे ३० चे सत्तर टक्के, २१ युनिट. वाटेत उष्णतेत दहा-पंधरा टक्के जातात, म्हणून भिंतीतून सुमारे २४ घ्यावे लागतात. त्यांचा चार्जर १५ च्या सॉकेटमधून १३ अँपिअर घेतो. २३० व्होल्ट असतील तर सुमारे तीन किलोवॅट, म्हणजे आठ तास. संध्याकाळी व्होल्टेज २०५ वर आला की तेच नऊ तास होतात. बॅटरी तीच आणि धडधाकट, फक्त वेळ तासाभराने वाढला.

हायवेवरच्या फास्ट चार्जरचंही तसंच. खांबावर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी गाडी झेपेल तेवढंच घेते, शेजारी दुसरी गाडी लागली तर अनेक ठिकाणी वीज वाटली जाते, आणि ऐंशी टक्क्यांनंतर वेग मुद्दाम कमी केला जातो. जाहिरातीत वेळ दहा ते ऐंशीचा सांगतात तो यामुळेच.

मामांनी पुन्हा पुण्याचं तिकीट काढलंय. गाडी ५८ वर, जांभळाच्या सावलीत उभी आहे. परतीचं आरक्षण या वेळी एका महिन्यानंतरचं आहे.