नदीचं पात्र, गोष्टीतलं पात्र

परवा एका मैत्रिणीनं तिच्या कादंबरीचं बाड वाचायला दिलं. पहिल्याच पानावर नदी. मावळता सूर्य, पाण्यात सांडलेलं सोनं, काठावर एकटी नायिका. दुसऱ्या प्रकरणापासून नदी गायब झाली ती थेट शेवटच्या पानावर उगवली, पुन्हा सोनं घेऊन! तिला म्हटलं, बाई गं, ही नदी नाही, हे भिंतीवरचं कॅलेंडर आहे. ती रागावली. तिचा राग उतरेपर्यंत माझं म्हणणं इथे लिहून टाकते.

मराठीत नदी जिथून वाहते तेही पात्र, आणि गोष्टीत जे वागतं-बोलतं तेही पात्रच. आपण लिहिणारे बहुतेकदा पहिल्यावरच थांबतो.

गाथासप्तशती उघडून बघा. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. त्यात गोदावरीचं नाव 'गोला'. एका गाथेत एक बाई देवभक्त माणसाला सांगते, महाराज, आता खुशाल हिंडा. ते कुत्रं आज मेलं, गोदेकाठच्या झाडीतल्या माजलेल्या सिंहानं मारलं त्याला. ऐकायला केवढा दिलासा! पण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाईल का? टीकाकार खरी भानगड सांगतात: ती झाडी म्हणजे बाईची प्रियकराला भेटायची जागा, आणि हे महाराज फुलं तोडायला नेमके तिथेच कडमडायचे. पुढे नवव्या शतकात काश्मिरात काव्यशास्त्रकार आनंदवर्धनानं ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावायला हीच गाथा घेतली. शब्द म्हणतात 'फीर', अर्थ निघतो 'फिरकू नकोस'. या दोन ओळींत ना लाट आहे, ना सूर्यास्त. पण काठावरची ती झाडी काढून टाका, बाईला खोटं बोलायचं कारणच उरत नाही.

किंवा 'वाळवंट' हा शब्द घ्या. आज मुलांना तो ऐकून उंट आठवतो. तुकोबांचा खेळ मांडला जातो ते वाळवंट चंद्रभागेचं, माणसांनी गजबजलेलं. नदी आटली की उघडी पडते ती वाळू म्हणजे कुणाच्याच मालकीचं नसलेलं अंगण. (होतं. आता तिथे रात्री डंपर लागतात. त्यावरही कुणीतरी लिहा की!)

मी सांगलीची. आमच्या कृष्णेला सगळ्यांनी 'संथ' ठरवून टाकलंय. तिच्यात मगरी आहेत हे मात्र कवितेत कुणी येऊ देत नाही. सांगलीकर माणूस नदीबद्दल बोलतो तो फुटांत. 1929 साली बांधलेला आयर्विन पूल ही आमची मोजपट्टी. 40 फुटांना इशारा, 45ला धोका. पाऊस लागला की पानाच्या टपरीवरसुद्धा दोनच प्रश्न: 'आयर्विनला किती?' आणि 'कोयनेतून किती सोडलंय?' क्युसेक हा शब्द आमच्याकडे शाळेत न गेलेली म्हातारीही बिनचूक वापरते. 2019च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं.

माझ्या काकूच्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक रेघ आहे, 2005ची. 2019ची रेघ चौकटीत मावली नाही. ती वर भिंतीवर, स्टुलावर चढून ओढलेली. त्या रात्रीची गोष्ट काकू दर वेळी वेगळी सांगते. रिकामा सिलिंडर कधी स्वयंपाकघरात तरंगतो, कधी थेट माजघरात येतो. बदलत नाही ती एकच गोष्ट: घाईघाईत तिनं लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली आणि घराची कागदपत्रं खालीच राहिली. काका यावर अजून बोलत नाहीत. तिच्या गोष्टीत सोनंबिनं काही नसतं. नदी दारातून आत येते आणि घरातल्या माणसांना काय वाचवायचं ते ठरवायला लावते. मला वाटतं, मैत्रिणीच्या कादंबरीत हेच राहून गेलंय. तिच्या नदीमुळे कुणालाच काही करावं लागत नाही.

पावसाळ्यात मी काकूला फोन करते तेव्हा 'बरी आहेस ना' असं विचारत नाही. काल विचारलं, आयर्विनला किती?

'29,' ती म्हणाली. 'बरणी अजून खालीच आहे.'