देवळालीचा ताप आणि 'पॉश'ची थाप

'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'वरून 'पॉश' शब्द आला, ही पोस्ट सतत फिरत असते. मुंबईला येताना बोटीच्या डाव्या अंगाची केबिन, परतताना उजव्या अंगाची, म्हणजे ऊन कमी. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर तसा शिक्का. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. ही गोष्ट छापून आली १९३० च्या दशकात, तर शब्द त्याआधी वीसेक वर्षं रुळलेला होता. कृपा करून ती पुढे पाठवू नका. 'मूळ पक्कं ठरलेलं नाही' हेही उत्तरच आहे.

इंग्रजी बोलीतल्या जुन्या शब्दाचं मूळ कुणी आद्याक्षरांत सांगितलं, की तिथेच थांबावं. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची सवय बोलण्यात शिरली ती विसाव्या शतकात, महायुद्धांच्या काळात. ऑस्ट्रेलियात ब्रिटिशांना 'पॉमी' म्हणतात, तेही म्हणे 'प्रिझनर ऑफ मदर इंग्लंड'वरून! कैद्यांची शेवटची बोट तिथे लागली १८६८ साली आणि 'पॉमी' छापलेला दिसतो १९१२ च्या सुमारास. मधली चव्वेचाळीस वर्षं शब्द होता कुठे? तेव्हाच्या वर्तमानपत्रांत माग लागतो तो वेगळाच: 'इमिग्रंट'ला यमक 'जिमी ग्रँट', त्याला जोडून 'पॉमग्रॅनेट', कारण नव्याने आलेल्यांचे गोरे गाल उन्हाने डाळिंबासारखे लाल व्हायचे. त्याचंच तुटून 'पॉमी'.

यमकाचा हा खेळ मूळचा लंडनच्या ईस्ट एंडचा. 'लुक' म्हणायचंय, तर त्याला जुळणारं 'बुचर्स हुक' घ्यायचं आणि यमकाचा 'हुक'च गाळून टाकायचा. 'हॅव अ बुचर्स' म्हणजे जरा बघ की! नवखा माणूस इथेच अडतो, कारण अर्थाचा धागा होता तो शब्दच गेलेला असतो. 'मेट' म्हणजे दोस्त, त्याचं 'चायना प्लेट' आणि मग नुसतं 'चायना' होतं, तेही असंच.

आणि 'डुलॅली' तर थेट आपल्या नाशिकजवळचा. भारतातली मुदत संपलेले गोरे सैनिक मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडून असायचे. या बोटी फक्त थंडीच्या महिन्यांत. हंगाम हुकला की पुढची बोट काही महिन्यांनी. काम नाही, ऊन, दारू, आजारपण; माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्याला ते 'डुलॅली टॅप' म्हणत. इंग्रजी जिभेने 'देवळाली'तला 'व' गिळला, 'ळ'चा 'ल' केला. 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळला आणि 'गॉन डुलॅली' म्हणजे डोकं फिरलं, एवढंच उरलं. महाराष्ट्रातल्या गावाचं नाव ब्रिटनमध्ये घरोघरी बोललं जातं, हे आपल्या शाळांत सांगितलं गेलं पाहिजे.

एखादी व्युत्पत्ती तपासायची तर आधी शब्द पहिल्यांदा छापला गेला ते साल आणि गाव बघा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तारखांसह उतारे असतात. ऑस्ट्रेलियन शब्दांसाठी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' संकेतस्थळ आहे, जुनी वर्तमानपत्रं फुकट चाळता येतात. बोलीतला शब्द छापला जायला पाच-दहा वर्षं लागू शकतात, तेवढी सूट द्या. मग मधली रूपं सापडतात का ते पाहा. ऑस्ट्रेलियात 'अस्सल, खरंखुरं' या अर्थी बोलला जाणारा 'फेअर डिंकम' तिथल्या सोन्याच्या खाणींतल्या चिनी मजुरांकडून आला असं सांगतात. पण 'डिंकम' इंग्लंडच्या डर्बीशर, लिंकनशर भागांत आधीपासून होता, अर्थ कष्टाचं काम.