म्हणे थंड रक्ताच्या कासवाचं रक्त तपासून उपयोग काय

काल मावशीनं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, ग्लोव्ह्ज घातलेला डॉक्टर छोट्या समुद्री कासवाच्या मानेत सुई घालतोय आणि खाली लाल अक्षरांत "संशोधनाच्या नावाखाली पिल्लांचं रक्त शोषतात". मी दुर्लक्ष करणार होतो पण सोबतच्या मेसेजची शेवटची ओळ वाचली आणि डोकंच फिरलं. तिच्यावर येतो, आधी त्यातले बाकीचे दावे.

"बाटलीभर रक्त काढतात." कुठली बाटली? धडधाकट कासवाचं वजनाच्या अर्धा ते एक टक्का रक्त काढलेलं चालतं, आजारी असेल तर त्याहून कमी. दोन किलोच्या कासवाला 10 ते 20 मिली ही झाली वरची हद्द, प्रत्यक्षात एक-दोन मिलीत भागतं आणि रक्त तपासायच्या हातात मावणाऱ्या मशीनला तर काही थेंब पुरतात. औषध कंपन्यांना विकतात म्हणे, एवढ्याशात कुणाचा धंदा चालतो?

"सुई मणक्यात जाते." मणक्यात नाही, मानेवर मणक्याच्या बाजूला मोठी शीर असते तिथून घेतात. बरं, अडाण्याच्या हातात सुई दिली तर इजा होईल हे मान्य. नुसत्या धरपकडीनंही कासवाच्या रक्तातलं लॅक्टेट (दमल्यावर, ताणात वाढणारा घटक) चढतं, तेही खरं. म्हणूनच उगाच कुणी टोचत नाही, कोकणात वेळासला अंड्यातून निघालेली 15-20 ग्रॅमची पिल्लं कासवमित्र मोजतात आणि सोडून देतात.

आता कहर. "कासव थंड रक्ताचं, रक्तात रोग दिसतच नाही, जाणकाराला डोळे बघून कळतं." अरे थंड रक्ताचं म्हणजे अंगाचं तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलतं, एवढंच! साखर, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी सगळं त्या रक्तात असतंच की. फक्त लाल पेशींमध्ये केंद्रक असल्यामुळे आपल्या लॅबचं ऑटोमॅटिक मशीन गंडतं, पेशी मायक्रोस्कोपखाली मोजाव्या लागतात, आणि मोठ्या कासवाच्या नॉर्मल आकड्यांचा तक्ता पिल्लाला लावून चालत नाही.

डोळे बघून ओळखणाऱ्यांनी एकदा अमेरिकेत केप कॉडला जावं. थंडी सुरू झाली की तिथे केम्प्स रिडले जातीची लहान समुद्री कासवं गारठून किनाऱ्याला लागतात, निपचित, हृदय इतकं हळू चाललेलं की जिवंत कुठलं आणि मेलेलं कुठलं वरून सांगता येत नाही. स्टेसी, इनिस आणि हर्नांडेझ यांचा 2013 चा पेपर आहे, अशाच कासवांच्या रक्तातले पीएच (आम्लपणाचं माप), पोटॅशियम वगैरे आकडे घेऊन कुठलं दगावण्याची शक्यता जास्त याचा अंदाज देणारे तीन निर्देशांक त्यांनी बनवले आणि तपासून पाहिले. पन्नास कासवं एकदम आली तर आधी कुणाकडे धावायचं हे त्या थेंबांवरून ठरवता येतं, आणि आमचा फॉरवर्डवाला म्हणतो डोळे बघा.

आणि ती शेवटची ओळ: "किनाऱ्यावर कासव दिसलं तर वनखात्याला कळवू नका, सरळ समुद्रात ढकला." हे वाचून कुणी खरंच ढकललं तर? पावसाळ्यात आपल्याकडे फाटक्या जाळ्यांत गुरफटलेली, पाय कापले गेलेली कासवं येतात, काहींना बुडीच मारता येत नाही, नुसती तरंगत राहतात. कासव फुफ्फुसानं श्वास घेतं हो, माशासारखं नाही, दमलेलं असेल तर तेही बुडून मरतं. डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे ते काय शोभेला?

मावशी, कालचाच मेसेज आहे, अजून डिलीट फॉर एव्हरीवन होईल. आणि 1926 सेव्ह करून ठेव, वनविभागाची हेल्पलाइन आहे.