दोनच हात मारी दे!

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली की माझ्या ओट्यावर फळ्या यायला लागतात. माहेरी आलेल्या पोरींसाठी निंबाला झोका बांधायचा असतो आणि झोक्याची फळी गुळगुळीत हवी असते. त्यातच कुणाचा जुना पाट, कुणाच्या खाटेचा पाय. आणि सगळ्यांचं बोलणं एकच, "भाऊ, दोनच हात मारी दे. तुनं काय जास?" म्हणजे, रंध्यावरून दोनदा फिरवून दे, तुझं काय जातं?

काय जातं ते आज सांगतोच.

मी सुतार नाही, माझं दुकान नाही. पडवीत पत्र्याखाली एक मशीन आहे. एकाच सांगाड्यावर रंधा, गोल करवत आणि भोक पाडायची सोय, सगळं दोन एचपीच्या एका सिंगल फेज मोटारीवर. घरच्या खिडक्या, देव्हारा, बहिणीचं कपाट स्वतः करावं म्हणून पैसे साठवून घेतलं. गावाने मात्र त्याची पिठाची गिरणी करून टाकली. गिरणीवाला निदान दळणाचे पैसे तरी घेतो!

परवा आमचे एक नाना आले. अमळनेरकडे पाडलेल्या एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घराची सागवानी फळी, काखेत धरून. मी विचारलं, "नाना, खिळे काढलेत ना?" "हो रे, सगळे काढले." मी वरून हात फिरवला, दिसले ते दोन मोडके खिळे सांडशीने उपटले आणि फळी लावली. चौथ्या हाताला कचकन आवाज आला, ठिणगी उडाली. चुना भरलेल्या भोकात मुंडी तुटलेला खिळा बसला होता. रंध्याच्या फिरत्या दांड्यावरच्या, म्हणजे शाफ्टवरच्या, दोन्ही पात्यांना ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा. आता त्यातून जाणाऱ्या प्रत्येक लाकडावर उभी उंच रेघ उठणार, माझ्या बहिणीच्या कपाटाच्या दारावरसुद्धा. आणि नाना काय म्हणाले? "थोडीशी रेघ आहे, चालेल मला." तुम्हाला चालेल हो!

लोकांना वाटतं ब्लेड बदललं की झालं. अहो, पाती बसवणं म्हणजे काय ते एकदा जवळ बसून बघा. आधी वायर प्लगमधून काढायची. पट्टा सैल करायचा. पातीवरचे बोल्ट एकेक करून सोडायचे. खाचेत अडकलेला भुसा आणि चीक रॉकेलच्या फडक्याने पुसायचा, कारण तिथे एक कण राहिला तरी पाती वाकडी बसते. मग लाकूड रंधून ज्या टेबलावर निघतं, त्याच्यावर स्टीलची सरळ पट्टी ठेवायची आणि शाफ्ट हाताने फिरवायचा. पातीची धार पट्टीला नुसती घासून गेली पाहिजे, या टोकाला, त्या टोकाला आणि मधे. एक पाती केसभर वर राहिली तर काम ती एकटीच करते, दुसरी नुसती फिरते. बोल्ट आवळताना पाती पुन्हा सरकते, की पुन्हा पहिल्यापासून. दीड तास जातो, ४३ अंशांत, पत्र्याखाली. तुमच्या "दोन हातां"मागे हा दीड तास आहे. तो कधी कुणी मोजला?

रेघ तात्पुरती घालवायची एक युक्ती आहे, एक पाती खड्ड्याच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त बाजूला सरकवायची म्हणजे दोघींचे खड्डे एका ओळीत येत नाहीत. तेही केलं. पण धार ती धारच. पात्या धार लावायला धुळ्याला पाठवल्यात, कधी येतात ते बघायचं.

जुनं लाकूड फुकट मिळतं म्हणून सगळे खूश असतात. पण सागात मुळातच बारीक सिलिका असते, चांगलं कोरं सागवानसुद्धा धार खातं. त्यात धाब्याच्या घराचं लाकूड म्हणजे वर्षानुवर्षं डोक्यावर मातीचा थर घेऊन बसलेलं. ती माती भेगाभेगांत मुरलेली असते. तारेच्या ब्रशने घासून आणा म्हटलं तर तोंडं वाकडी होतात.

संध्याकाळी येणाऱ्यांचं वेगळंच. आमच्याकडे दिवे लागणीला व्होल्टेज २३० वरून १८० वर येतं. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात उतरतो, म्हणजे १८० वर ताकद राहते साठ टक्के. मोटार नुसती घुमते, लाकूड अडकतं, वायरी तापतात. मागच्या वर्षी कपॅसिटर फुगून गेला तो असाच. "सकाळी या" म्हटलं की मी आखडू ठरतो!

आणि खरा संताप तर पुढचा आहे. मशीन चालू असताना एक मोठे गृहस्थ, गळ्यात उपरणं, बघायला वाकले. उपरण्याचं टोक पट्ट्यापासून वीतभर. मी ओरडलो तर म्हणे मोठ्यांशी कसं बोलावं कळत नाही. दुसरा एक पोरगा करवतीचं झाकण काढून ठेवतो, "दिसत नाही" म्हणून. तिसरा सल्ला देतो हातमोजे घालायचा. फिरत्या पात्याजवळ हातमोजा म्हणजे बोटांसकट आत ओढून घेणारी चिंधी. लाकूड जिथून आत सारतो त्या बाजूला, करवतीच्या सरळ रेषेत पोरं उभी करतात. लाकूड चिमटलं तर उलटं येतं आणि उभ्या माणसाच्या पोटात बसतं. त्या दिवशी माझ्याच अंगणात काही झालं, तर "दोनच हात" म्हणणारा पुढे येणार आहे का?

बाकी देखभाल तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. मोटारीच्या पंख्यात भुसा गच्च भरला की ती तापते. टेबल ओतीव लोखंडाचं, पहिल्या पावसात रात्रभर उघडं राहिलं की सकाळी तांबूस. मेण घासून ठेवायचं मी, आणि त्याच्यावर चहाचा ओला कप ठेवायचा तुम्ही.

नानांची फळी मी शेवटी हातरंध्याने साफ केली, कडा पॉलिश पेपरने मोडल्या, कारण झोक्यावर बसणाऱ्या पोरीच्या मांडीत लाकडाचं कुसळ जायला नको. तिचा काय दोष? पण मशीनवर ती फळी पुन्हा चढली नाही.

इथून पुढे जुनं लाकूड आणायचं तर खिळे घरून काढून आणायचे, आणि काढलेले खिळे डब्यात घालून सोबत आणायचे. मी फळीवरची भोकं मोजणार, डब्यातले खिळे मोजणार. एक जरी कमी भरला, तरी फळी परत काखेत!