यशवंत घाडगे ‘भाडोत्री’ होते का?

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय जवानांचा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं: ‘ते इंग्रजांचे भाडोत्री. जबरदस्तीनं भरती करून पुढं ढकललेले. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे मालकानं फेकलेली बक्षिशी. ती लढाई आपली नव्हतीच, म्हणून आज त्यांचं नाव कुणी घेत नाही.’ माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, सैन्यातला हुद्दा नाईक, १० जुलै १९४४ला इटलीत लढताना पडले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, त्यांनाही मिळालं. त्यांनाही याच एका वाक्यात निकालात काढलं जातं. तेव्हा हे वाक्य जरा सोडवून बघू.

‘जबरदस्ती’ आणि ‘भाडोत्री’ हे दोन आरोप एका दमात करता येत नाहीत. धरून आणलेला माणूस भाड्यानं आलेला कसा? सक्तीची लष्करभरती ब्रिटननं स्वतःच्या पोरांवर लादली, हिंदुस्थानी माणसावर नाही. १९३९मध्ये सुमारे २ लाख असलेली भारतीय सेना १९४५पर्यंत २५ लाखांच्या घरात गेली, ती स्वेच्छेनं आलेल्यांच्या जोरावर. आता ‘स्वेच्छा’ म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. भाताचं एक पीक, तेही पुरेसं नाही. मग कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी पलटणीत. घरी मनिऑर्डर आली पाहिजे हे दोघांचंही गणित. पण पगार घेतला म्हणून शिपाई भाडोत्री ठरत असेल, तर आज सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला काय म्हणणार?

बक्षिशीचा मुद्दा मात्र मला खरोखर खटकतो, कारण तो मांडणाऱ्याने त्या दिवशी काय झालं हे वाचलेलंच नसतं. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये सेक्शन कमांडर, म्हणजे जवानांच्या एका छोट्या तुकडीचे प्रमुख होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कंपनीनं शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर हल्ला चढवला आणि अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. धड राहिले एकटे घाडगे. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे त्यांना दिसत होतं. आडोसा धरून पडून राहिले असते, तर कुणी बोट दाखवलं नसतं. ते मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. मग टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगननं, आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारलं. दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, एकट्यानं जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. क्रॉस मरणोत्तर आहे. मेलेल्याला बक्षिशी देऊन कोणतं काम काढून घ्यायचं असतं?

शिवाय हिंदी शिपायाला १९११पर्यंत हा क्रॉस मिळूच शकत नव्हता, इतका तो राखून ठेवलेला होता. इटलीत एकूण २० क्रॉस दिले गेले, त्यातले ६ भारतीय सेनेला. त्यातलाच आणखी एक मराठा रेजिमेंटच्याच नामदेव जाधवांचा, एप्रिल १९४५मधला.

नाव कुणी घेत नाही, हे तर सरळ चूक. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर नाव कोरलेलं आहे. जुलै २०२३मध्ये पेरुजिया प्रांतातल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

राहिला ‘ती लढाई आपली नव्हती’ हा आक्षेप. यात अर्धं तथ्य आहे. सप्टेंबर १९३९मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही नेत्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं आणि निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पण महाराष्ट्रातच तेव्हा एकमत नव्हतं: सावरकर आणि आंबेडकर, एरवी दोन टोकांचे, दोघंही तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते. यातलं कोणतं भाषण पळसगावपर्यंत पोचलं असेल, देव जाणे. म्हणून घाडगे स्वातंत्र्यासाठी लढले, असा उलट टोकाचा दावाही मी करणार नाही. ते जर्मनांशी लढले, हिटलर हरावा अशा बाजूनं लढले. तेवढं पुरेसं आहे.

आणि पलटण इंग्रजांची म्हणाल, तर तिचं पुढं काय झालं तेही बघा. घाडग्यांची हीच तिसरी बटालियन स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या वाटेवर, टांगाइलला विमानांतून उतरली ती हीच.