विमानं भरलेली होती, तरी कंपनी बुडाली

चार्टर कंपनी, म्हणजे अख्खं विमान भाड्याने देणारी कंपनी, बुडाली की सगळा दोष इंधनावर ढकलायची पद्धत आहे. ब्रिटनच्या कोर्ट लाइनबद्दलही हेच ऐकू येतं : 1973 साली तेल भडकलं आणि 15 ऑगस्ट 1974ला टाळं लागलं. मला हे पटत नाही. तेलामुळे मरण लवकर आलं, एवढंच. खरं दुखणं वेगळं होतं : तोट्यात चाललेलं गिऱ्हाईकच कंपनीने विकत घेतलं.

चार्टरवाला सहसा एकेक तिकीट विकत बसत नाही. टूर ऑपरेटर हंगामाआधीच अख्ख्या विमानाच्या फेऱ्या ठरवतो, सीट भरणं ही त्याची डोकेदुखी. विमान कंपनीचं कसब एकच, विमान जमिनीवर कमीत कमी ठेवायचं. रात्री इंग्लंडातल्या ल्युटनहून स्पेनच्या पाल्माला, पहाटे परत, तासाभरात सफाई आणि इंधन, की पुन्हा उड्डाण. उभ्या विमानाचाही हप्ता आणि विमा चालूच असतो ना! पण जादा विमान हाताशी नसल्याने पहिल्या फेरीला दोन तास उशीर झाला की तो दिवसभर पुढे सरकत राहतो.

या कामात कोर्ट लाइन तरबेज होती. आधीची ऑटएअर, 1970च्या जानेवारीत नाव बदललं आणि कंपनी सुट्टीच्या चार्टरमागे लागली. बीएसी वन-इलेव्हन विमानांत 119 सीट, बाहेरून गुलाबी, नारिंगी, फिरोजी, जांभळे रंग. जेवणाची युक्ती तर भन्नाट : समोरच्या सीटच्या पाठीत दोन कप्पे, एकात जातानाच्या प्रवाशाचं थंड जेवण, दुसऱ्यात, कुलूप लावून, येतानाच्या प्रवाशाचं. परदेशात जेवण चढवायला नको, ट्रॉली ढकलायला नको. कुलूप उघडून दोन्ही जेवणं फस्त करणारे महाभाग निघायचे, ते सोडा.

मग 1973 साली दोन लॉकहीड ट्रायस्टार आली, प्रत्येकी 400 सीटची. एकाच दिवशी एकाच गावाला निघालेली 400 माणसं गोळा करायची तर मोठा टूर ऑपरेटर हवा. तो होता क्लार्कसन्स, कोर्ट लाइनचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पण स्वस्तात सहली विकून तो डबघाईला आला होता. तो बुडाला तर विमानं रिकामी, म्हणून कोर्ट लाइनने 1973 साली त्याला नाममात्र किमतीत पदरात घेतलं. 1974च्या सुरुवातीला हॉरायझन ही दुसरी सहल कंपनीही घेतली.

इथेच गणित फिरलं. आधी क्लार्कसन्सने सहल तोट्यात विकली तरी कोर्ट लाइनला विमानाचं भाडं मिळायचं. आता ते भाडं या खिशातून त्या खिशात, आणि सहलीमागचा तोटा मात्र खराखुरा, आपलाच. त्यात ऑक्टोबर 1973च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल काही महिन्यांत जवळपास चौपट महागलं, ब्रिटनमध्ये वीज वाचवायला तीन दिवसांचा कामाचा आठवडा आला, लोकांनी बुकिंग लांबवलं. आगाऊ पैशांवर चालणाऱ्या धंद्यात बुकिंग लांबलं की रोखच आटते.

ऐन हंगामात, ऑगस्टमध्येच, दिवाळं कसं निघालं? कारण तोवर उन्हाळ्याचे बहुतेक पैसे येऊन खर्चही झालेले असतात आणि हॉटेलांची बिलं यायची असतात. शिवाय जूनमध्ये मंत्री टोनी बेन यांनी कंपनीचा जहाजबांधणीचा भाग सरकार घेईल असं सांगताना उन्हाळ्याच्या सहलींबद्दलही दिलासा दिला होता. त्या भरवशावर लोक पैसे भरत राहिले.

परदेशात अडकलेल्या हजारो लोकांना दुसऱ्या विमानांनी परत आणलं. ज्यांची सहल अजून व्हायची होती त्यांना पुरतील इतके पैसे मात्र सहल कंपन्यांनी आधीच दिलेल्या हमीच्या रकमेत नव्हते. म्हणून 1975 साली कायदा करून निधी उभारला आणि त्यासाठी पुढच्या सहलींवर आकार बसवला. थोडक्यात, बुडालेल्यांची भरपाई नंतरच्या पर्यटकांनी केली. हे मला अजूनही खटकतं, पण याहून बरा उपाय तेव्हा कुणाकडे होता असंही दिसत नाही.

आपल्याकडे अशा बुडण्याची झळ सप्टेंबर 2019मध्ये पोचली. गोव्यात ब्रिटिश पर्यटक आणणारी थॉमस कुक हंगामाच्या तोंडावर बुडाली. (भारतातली थॉमस कुक 2012पासूनच वेगळ्या मालकीची, तिचा संबंध नव्हता.) ब्रिटनच्या हमी योजनेचं कवच पर्यटकाला असतं. हॉटेलवाल्याचं आधीचं थकलेलं बिल मात्र तारण नसलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत जातं. म्हणून परदेशी ऑपरेटरला खोल्या देताना मोसम संपल्यावर हिशेब हे कलम मान्य करू नये. दर पंधरवड्याला पैसे, आणि एक हप्ता चुकला की पुढच्या खोल्या मोकळ्या करायचा हक्क, हे करारात लिहूनच घ्यावं.